गाणाऱ्याचं तोंड कुणाकडे आहे ते बघा

मी सोलापुरात पूर्व भागात वॉल हँगिंगची डिझाईन करतो. भिंतीला टांगायचं विणलेलं चित्र असतं ना, शिवाजी महाराज, गणपती, सत्काराला द्यायचा कुणाचातरी फोटो, ते. मागाला चित्र कळत नाही, त्याला एवढंच कळतं की ताण्याचा, म्हणजे मागावर उभा ताणलेला, हा दोरा वर घ्यायचा का खालीच ठेवायचा, म्हणून आधी सगळं चित्र चौकटींच्या ग्राफवर उतरवायचं, चौकट भरली तर दोरा वर, रिकामी तर खाली, आणि त्याप्रमाणे कार्डांना भोकं पाडून ती जेकार्डला, म्हणजे मागावरच्या दोरे उचलणाऱ्या यंत्राला, लावायची. आता ग्राफ कॉम्प्युटरवर काढतो, पण डोकं तेवढंच लावावं लागतं.

तर आषाढीच्या आधी एक ऑर्डर आली, दिंडीचं चित्र पाहिजे, टाळकरी गात चाललेत असं. मला वाटलं सोपंय, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, लहानपणापासून बघतोय. पण मापात बसवायला गेलो तर एका वारकऱ्याच्या अख्ख्या चेहऱ्याला मिळाल्या वीस-बावीस चौकटी आणि त्यात तोंडाला तीन. तीन चौकटी काळ्या केल्या की तोंड उघडं दिसतं, बस, एवढंच. तो गातोय का ओरडतोय का कुठं दुखतंय त्याला, का जांभई आलीय, काही म्हणजे काही कळत नाही. माग चालवणारे मामा पाठीमागून स्क्रीनकडं बघून म्हणाले, "हा रडलालाय का रे?" आणि खरंच तसंच दिसत होतं.

मग रोज रात्री मोबाईलवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची जुनी चित्रं काढून बघायला लागलो. मोठी म्युझियमं आता चित्रं एवढ्या मोठ्या साईझमध्ये टाकतात की झूम करून व्हायोलिनच्या तारा मोजता येतात. त्यातून मला जे कळलं ते इथं सांगतो, कारण हे एकदा कळलं की कुठलंही गाण्याचं चित्र बघायची नजरच बदलते.

अडचण काय आहे ते आधी नीट बघू. चित्र मुकं असतं आणि वर ते थांबलेलं असतं. गाणं तर काळात पुढं सरकतं, सूर येतो आणि जातो, चित्रात फक्त एकच क्षण मिळतो. त्या एका क्षणात आवाज भरायचा म्हणजे चित्रकाराकडं हत्यारं अगदी मोजकी आहेत, तोंड, हात आणि अंग, ऐकणारी माणसं, आणि सगळ्यात कमी लक्ष जातं ती चौथी गोष्ट म्हणजे कोण कुणाकडं तोंड करून उभा आहे.

तोंडाच्या जोरावर गाणं दाखवणाऱ्यांत यान व्हॅन आइकला तोड नाही. बेल्जियममधल्या गेंट शहरात त्यानं आणि त्याच्या भावानं केलेलं चर्चमधलं मोठं चित्र आहे, १४३२ साली पूर्ण झालेलं, लाकडी फळ्यांवरचं. त्याच्या एका फळीवर देवदूत दाटीवाटीनं उभं राहून गातायत. एकाच्या कपाळाला आठ्या, एकाची हनुवटी खाली दाबलेली, एकाचे ओठ गोल, एकाचे ताणलेले. १६०४ मध्ये कारेल व्हान मांडर नावाच्या लेखकानं लिहून ठेवलंय की ह्यांचे चेहरे बघून कोण वरच्या पट्टीत गातोय आणि कोण खर्जात हे सरळ ओळखता येतं. मी झूम करून बघितलं, आणि खरंच आपल्याकडं भजनात तार सप्तकात जाताना बुवांच्या भुवया कशा वर चढतात, तसल्याच त्या भुवया आहेत. पण तिथं चेहरे मोठे आहेत, रंग तेलातले आहेत, आणि एकेका भुवईवर किती दिवस घालवले असतील कोण जाणे. माझ्याकडं तीन चौकटी.

म्हणून मी उलट्या टोकाला गेलो, वारली चित्राकडं. वारलीत माणसाला तोंडच नसतं! दोन त्रिकोण, वर एक गोल, काड्यांसारखे हातपाय, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेले. आणि तरी तारपा नाचाचं चित्र बघितलं की मला तरी आवाज ऐकू येतो. मधे तारपा वाजवणारा, वाळका भोपळा, बांबू आणि ताडाचं पान ह्यांचं ते लांबच्या लांब वाद्य, वाजवताना माणूस कमरेत वाकतो, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या माणसांची साखळी गोगलगायीच्या शिंपल्यासारखी आत-आत वळत जाते. नाचताना तारप्याकडं पाठ करायची नसते. हे चित्र मूळचं लग्नघरच्या भिंतीवर बायका काढायच्या, डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते १९७० च्या दशकात कागदावर आणलं आणि पुढं जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची साखळी नीट बघा, प्रत्येक माणूस पुढच्यापेक्षा थोडासा वेगळा वाकलेला असतो, एकाचा गुडघा जास्त, एकाचा कमी, त्यामुळं नजर एका माणसावर न थांबता गोल फिरायला लागते, आणि नजर फिरली की तालच मिळाला की. म्हणजे तोंडाशिवाय गाणं होतं हे मला वारलीनं पटवलं.

आता ऐकणाऱ्यांचं सांगतो. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड विल्की याचं एक चित्र आहे १८०६ चं, आंधळा फिडलवाला, लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गरीब घरातली खोली, एका बाजूला आंधळा म्हातारा व्हायोलिन वाजवतोय, त्याचं कुटुंब दमून बाजूला बसलंय, आणि समोर घरातली माणसं. सगळी मजा त्या घरातल्या माणसांत आहे. बाप वाकून बाळासमोर चुटक्या वाजवतोय, आई बाळाला धरून बसलीय, आणि मागं एक पोरगं चुलीचा भाता व्हायोलिनसारखा धरून त्यावर काठी घासत म्हाताऱ्याची नक्कल करतंय. फिडलवाला नुसता हात हलवतोय, पण गाण्याची लय बापाच्या बोटांत दिसते, बाळाच्या अंगात दिसते. म्हणजे आवाज काढणाऱ्याला रंगवण्यापेक्षा आवाज ज्याच्यावर पडतो त्याला रंगवलं की काम सोपं होतं. कीर्तनाचे फोटो काढणाऱ्यांना हे माहीतच असतं, बुवांपेक्षा पुढं बसलेल्या एखाद्या म्हातारीचा फोटो जास्त बोलतो.

आणि आता ती चौथी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

आपल्या दारावर येणारे आठवा. पहाटे वासुदेव यायचा, डोक्यावर मोरपिसांची टोपी, एका हातात चिपळ्या, दारात गिरकी घेणार, गाणार, आणि सूप-वाटी रिकामी झाली की दान पावलं म्हणत देवांची नावं घेणार, पंढरपूरच्या विठोबाला पावलं, तुळजापूरच्या भवानीला पावलं. पोतराज यायचा, कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढणारा, आणि त्याची बायको डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन ढोलक्याच्या कातड्यावर काठी घासत गुबूगुबू आवाज काढणारी. नंदीबैलवाला. नवरात्रात संबळ घेऊन गोंधळी. ह्या सगळ्यांचं तोंड कुणाकडं असतं? तुमच्याकडं. घरमालकाकडं, दाराकडं, खिडकीकडं. त्यांचं गाणं तुमच्यासाठी आहे आणि ते संपलं की तुमचा हात पुढं यायला पाहिजे, तो व्यवहारच आहे.

आता एकत्र गाणारे आठवा. दिंडीत टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर असतात, मधे मृदंग, वीणेकरी. त्यांचं तोंड एकमेकांकडं. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे असलात काय, नसलात काय, त्यांना फरक पडत नाही. श्रोता असा कुणी नाहीच, जो आहे तो गातोय. आणि तुम्हाला ऐकायचंच असेल तर कुणीतरी टाळ तुमच्या हातात देतो आणि तुम्ही पण आत.

चित्रकारांना हा फरक शेकडो वर्षांपासून बरोब्बर कळलाय. रस्त्यावर वाजवणाऱ्याला ते बहुतेक वेळा एकटा, समोरून, आपल्याकडं तोंड केलेला रंगवतात, म्हणजे चित्रासमोर उभे असलेले आपणच ते घरमालक होतो. आणि एकत्र गाणाऱ्यांना ते वर्तुळात, रांगेत, एका पोथीवर वाकलेले दाखवतात, म्हणजे आपण बाहेरचे होतो, डोकावणारे.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचं १८६२ चं मोठं चित्र आहे, म्हातारा वादक, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. मधे पांढऱ्या दाढीचा माणूस मांडीवर व्हायोलिन घेऊन बसलाय, आजूबाजूला दोन पोरं, कडेला बाळ घेतलेली मुलगी, उंच टोपीवाला एक जण. कुणीच कुणाकडं नीट बघत नाही, गाणं ऐकतंय असंही वाटत नाही, आणि म्हातारा वाजवायचं थांबवून थेट तुमच्या डोळ्यात बघतो. मॉडेल म्हणून बसलेला माणूस मानेंच्या स्टुडिओच्या भागातलाच, रोमा समाजातला, रस्त्यावर वाजवून पोट भरणारा होता. त्याच वर्षांत पॅरिसमध्ये रुंद रस्ते काढायला जुन्या वस्त्या पाडायचं काम जोरात होतं आणि गरीब लोक शहराच्या कडेला फेकले जात होते, हे माहीत असलं की ती नजर जास्त जड होते. भीक मागतोय असं ती नजर म्हणत नाही. पुढं काय, असं विचारतेय. त्याच सुमाराला मानेंनी एक गाणारी पण रंगवली, कॅफेच्या दारातून बाहेर पडलेली, गिटार काखेत, एका हातात कागदातल्या चेरी आणि त्यातलीच एक तोंडाशी नेलेली. गाणं संपलंय, आता ती खातेय, आणि खाता खाता पण आपल्याकडंच बघतेय. हे चित्र बॉस्टनला आहे. मला ते फार आवडतं, कारण गाणाऱ्याला भूक लागते हे तिथं दिसतं.

अपवाद असतात, पिकासोचा म्हातारा गिटारवाला घ्या, १९०३-०४ चा, सगळा निळा, डोळे मिटलेले, मान इतकी झुकलीय की तो कुणाकडंच बघत नाही, गिटारभोवती गुंडाळून गेलाय जणू. रस्त्यावरचा आहे पण त्यानं आपल्याकडं बघणं सोडून दिलंय, आणि म्हणून तर ते चित्र बघताना घशात अडकल्यासारखं होतं.

आंधळे वादक चित्रांत इतके का, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर सरळ आहे, आंधळ्या माणसाला तेव्हा जे थोडे धंदे उरायचे त्यात गाणं-वाजवणं एक, आपण नाही का रेल्वेत गाणाऱ्या अंध माणसाला सरळ सूरदास म्हणतो. युरोपात त्यांच्या हातात बऱ्याचदा हर्डी-गर्डी दिसतं. ह्या वाद्यात गजाऐवजी एक चाक असतं, हँडल फिरवलं की चाक तारांवर घासतं आणि सूर अखंड चालू राहतो, दुसऱ्या हातानं पट्ट्या दाबून चाल वाजवायची. गंमत म्हणजे हे वाद्य आधी देवळातलं होतं. स्पेनमध्ये सांतियागो दे कॉम्पोस्तेलाच्या चर्चच्या दारावर, ११८८ च्या सुमाराचं कोरीवकाम आहे, चोवीस म्हातारे वाद्यं घेऊन बसलेत आणि बरोबर मध्यभागी, मानाच्या जागी, दोघं मिळून ह्याच वाद्याचा जुना मोठा भाऊ मांडीवर घेऊन बसलेत. चारशे वर्षांनी तेच वाद्य भिकाऱ्याच्या गळ्यात आलं. आणि पुढं अठराव्या शतकात फ्रान्सच्या सरदार-घराण्यांतल्या बायकांना त्याचं वेड लागलं ते वेगळंच. वाद्याची इज्जत कशी चढते-उतरते हे पुस्तकापेक्षा चित्रांत पटकन सापडतं, म्हणून तर जुनी चित्रं-शिल्पं तपासून संगीताचा इतिहास लिहिणारे अभ्यासक असतात. मात्र तिथं जपून चालावं लागतं, चित्रकाराला तारा किती हे माहीत असेलच असं नाही, आणि कोरणाऱ्याला बोटं कुठं ठेवतात हे.

ह्या हर्डी-गर्डीवाल्यांना सगळ्यात खरं कुणी रंगवलं असेल तर जॉर्ज द ला तूर यानं, सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारानं. फ्रान्समधल्या नांत शहरात असलेल्या त्याच्या चित्रात एकटा आंधळा म्हातारा गळा फाडून गातोय, तोंड वेडंवाकडं उघडलेलं, डोळ्यांच्या जागी सुरकुत्या. इथं तोंड उघडं आहे आणि ते गाणंच आहे हे कळतं, का, तर एका हाताचं मनगट हँडलवर वळलंय, म्हणजे शेवटी हातच साक्ष देतो. पण त्याचं दुसरं एक चित्र, वादकांची मारामारी, लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममधलं, ते मला आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. दोन रस्त्यावरचे वादक भांडतायत, बहुतेक बसायच्या जागेवरून. एक आंधळा, हातात चाकू. दुसऱ्यानं त्याच्या डोळ्यात लिंबू पिळलंय. कशासाठी, तर हा खरंच आंधळा आहे का सोंग करतोय हे बघायला. डावीकडं एक म्हातारी कळवळतेय आणि उजवीकडं दुसरे दोन वादक, त्यातला व्हायोलिनवाला आपल्याकडं बघून हसतोय.

तो आपल्याकडं का हसतोय? मला वाटतं, कारण लिंबू पिळायची इच्छा आपल्यालाही झालेली असते. स्टेशनवर कुणी पेटी घेऊन गात असला की नाणं टाकायच्या आधी आपण मनात विचारतोच, हा खरंच आंधळा आहे का. मी स्वतः विचारलंय. तो प्रश्न किती जुना आणि किती क्रूर आहे हे ला तूरनं एका लिंबात दाखवलं.

रस्त्यावरच्या गाण्यावर चिडणारे पण चित्रात आहेत. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थचं १७४१ चं छापचित्र, चिडलेला संगीतकार, त्यात शिकलेला व्हायोलिनवादक खिडकीत कानांवर हात ठेवून उभा आणि खाली लंडनचा रस्ता, कडेवर रडकं पोर घेऊन गाणी विकणारी बाई, सनईसारखं वाद्य फुंकणारा, डोक्यावर दुधाचं भांडं घेतलेली गवळण, धार लावणारा, ढोलकं बडवणारं पोरगं, भुंकणारं कुत्रं. मी बघितलेलं हे सगळ्यात गोंगाटाचं चित्र असेल. पुढं शंभरेक वर्षांनी लंडनमध्ये खरंच कायदा आला, १८६४ मध्ये, घरमालकानं आजारपण किंवा कामात व्यत्यय असं कारण दिलं की वादकाला तिथून हलावंच लागायचं. त्यासाठी हट्टानं भांडणाऱ्यांत चार्ल्स बॅबेज होते, तेच, कॉम्प्युटरची पहिली कल्पना मांडणारे. आपली काम करायची पाव ताकद ह्या रस्त्यावरच्या वाद्यांनी खाल्ली असं त्यांनी लिहून ठेवलंय.

हे वाचलं आणि मी उठूनच बसलो, कारण बॅबेजच्या मशीनमधली भोकं पाडलेल्या कार्डांची आयडिया आली होती जेकार्डच्या मागावरून! आमच्या मागावरून. त्यांच्या घरी फ्रान्समधल्या ल्योनच्या, हा माग काढणाऱ्या जेकार्डसाहेबांचं रेशमात विणलेलं चित्र होतं, २४,००० कार्डं लावून विणलेलं, इतकं बारीक की लोकांना ते छापील वाटायचं. म्हणजे ते वॉल हँगिंगच की. ते बघत बसलेल्या माणसाला खाली रस्त्यावर वाजणारं सहन होत नव्हतं. मागाची खडखड मात्र ज्यांनी जन्मभर ऐकली ते आमचे मामा त्या खडखडीच्या तालावर तेलुगू पदं म्हणतात. मला बॅबेजबद्दल राग नाही, आजारी माणसाच्या खिडकीखाली कोणी तासभर वाजवलं तर काय होतं हे मिरवणुकीच्या दिवसांत इथंही कळतं, पण लंडनच्या त्या भांडणात खिडकीतल्याचं म्हणणं छापून आलं, खालच्याचं नाही, चित्रं राहिली म्हणून तरी तो दिसतो.

आता एकत्र गाण्याकडं येतो. फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चसाठी लूका देल्ला रोब्बियानं १४३१ ते १४३८ मध्ये संगमरवरात गाणारी मुलं कोरली, आता ती तिथल्याच चर्चच्या संग्रहालयात आहेत. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एकाच पुस्तकात डोकावतायत, मागचा पुढच्याच्या खांद्यावरून मान लांब करून अक्षरं शोधतोय. दगडात आवाज येतो तो त्या खांद्यावरच्या हातांमुळं. आपल्या कुठल्याही देवळात हरिपाठाचं एकच पुस्तक असलं आणि चार पोरं असली की हेच दृश्य दिसतं.

उलट राजा रविवर्म्याचं १८८९ चं प्रसिद्ध चित्र बघा, वाद्यं घेतलेल्या अकरा बायकांचं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. वेगवेगळ्या प्रांतांच्या, वेगवेगळ्या पोशाखांतल्या बायका एकत्र बसवल्यात, साड्यांचा रेशीमपणा असा की हात लावावासा वाटतो, पण त्या मिळून काही एक वाजवतायत असं मला वाटत नाही. प्रत्येकीची नजर वेगळीकडं. सगळा देश एका चटईवर दाखवायचा होता, तो दाखवला, गाणं मात्र झालं नाही. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून पोस्टरं केली त्यातला ढोलवाला ह्याच्या अगदी विरुद्ध, चार-पाच जाड रेषा, ढोलाच्या वजनानं कलंडलेलं अंग, आणि थाप ऐकू येते. शांतिनिकेतनच्याच बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं, कबीर, सूरदास, तुलसीदास आणि त्यांच्याभोवती नदीसारखी वाहणारी माणसं. ह्या चित्रकाराला एका डोळ्यानं दिसतच नव्हतं आणि दुसऱ्यानं अगदी कमी, आणि दहा वर्षांनी उरलेलंही गेलं. ओल्या भिंतीवर, आधी पूर्ण मापाचं रेखाटन न करता त्यांनी ते काढलं. आंधळ्या सूरदासाला, विणकर कबीराला ज्या माणसानं रंगवलं त्याला दोन्हीचं काहीतरी कळत असणार.

आपल्याकडं अजून एक प्रकार आहे तो ह्या दोन्हींत बसत नाही, चित्रकथी. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची घरं ही कला सांभाळून आहेत. इथं चित्रात गाणारा नसतो, गाणाऱ्याच्या हातात चित्र असतं. रामायण-महाभारतातल्या एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, गाणारा फळीला टेकवून एकेक चित्र लोकांकडं तोंड करून धरतो आणि ते गातो, मग पुढचं. पैठणी शैलीतली जुनी चित्रकथी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. आणि शाहिरी पण मधलीच, शाहीर लोकांकडं तोंड करून गातो पण त्याच्या मागं झील धरणारे, म्हणजे त्याची ओळ उचलून गाणारे असतात, म्हणजे पुढून वासुदेव आणि मागून दिंडी. आपला जिल्हा ह्यात श्रीमंत आहे, पेशवाईतला राम जोशी सोलापूरचा, अमर शेख १९१६ साली बार्शीत जन्मले. आणि चित्राचं म्हणाल तर चित्रकार एम. एफ. हुसेन १९१५ ला पंढरपुरात जन्मले, त्यांच्या कितीतरी माणसांना डोळे-तोंड नसतं आणि तरी अंग बोलतं.

हे सगळं घेऊन मी परत ग्राफवर आलो. तोंडाच्या तीन चौकटींतल्या दोन खोडून टाकल्या, एक ठेवली. दोन रांगा समोरासमोर केल्या, अर्धे टाळकरी पाठमोरे. पाठमोऱ्यांचे गुडघे एकाआड एक वाकवले, मशेंच्या साखळीसारखे. टाळ छातीशी जुळलेले न दाखवता बोटभर उघडे ठेवले, म्हणजे आता वाजणार असं वाटतं. मधे वीणेकरी. हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. आमच्या गल्लीतल्या देवळात पहाटे तीनच्या पहाऱ्याला मी ते बघितलंय, झोपेनं डोळे लाल झालेला माणूस वीणा देताना तार एकदा छेडून मगच गळ्यातून काढतो, मधे खंड पडू नये म्हणून. तो क्षण घेतला, दोघं वाकलेले, वीणा दोघांच्या मधे, एकाचं बोट अजून तारेवर. बोटाला एकच चौकट, पण ती मी जरीच्या रंगात भरली. मामांनी पहिला नमुना मागावरून उतरवला, लांब धरला आणि काही न बोलता मान डोलवायला लागले.

आता त्यांच्या घरून दुसरं काम आलंय. नवरात्रात पूर्व भागात तेलुगू बायका बतुकम्मा करतात, तरवडाची पिवळी फुलं, कुरडू, झेंडू असं थरावर थर रचून फुलांचा मनोरा करायचा, तो मधे ठेवायचा आणि भोवती गोल फिरत, वाकत, टाळ्या वाजवत गायचं, एक बाई ओळ सांगते आणि बाकीच्या उय्यालो म्हणत ती उचलतात. मामींना त्याचं चित्र पाहिजे. गेल्या वर्षी मी गल्लीत उभं राहून बघितलं होतं, सगळ्यांची तोंडं फुलांकडं, मला दिसत होत्या नुसत्या पाठी, वेण्या, वेणीतले गजरे आणि टाळीसाठी बाजूला आलेली कोपरं. तेच काढलंय. मामी म्हणाल्या एक तरी चेहरा पाहिजे की रे, माझा तरी काढ. मी पलीकडच्या बाजूला, फुलांच्या वरून दिसेल एवढी एक बाई ठेवलीय, पदर खोचलेली, तोंडाला दोन चौकटी. सोमवारी पंचिंगला जाईल.